दोन्ही शू एकदम

[सातारा. गल्लीतलं गॅरेज, सकाळची वेळ. मेन स्टँडवर राजदूत ३५० मोटरसायकल.]

राजदूत ३५० दारात उभी असली की लोक पहिला प्रश्न पिकअपचा विचारतात. दुसरा ॲव्हरेजचा, आणि तिथे मालक विषय बदलतो. ब्रेकचं मात्र कुणी विचारत नाही. तो लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं.

यामाहाच्या आरडी ३५०ला परदेशात पुढे डिस्क होती. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ती इथे राजदूतच्या नावाने आणली, तेव्हा खर्च आवरायला डिस्क गेली आणि ड्रम आला. इंजिन मात्र हाय टॉर्क मॉडेलमध्ये ३०.५ बीएचपीचं. पळायची सोय झाली, थांबायचं ज्याचं त्याने बघावं! सरकारी नियमाप्रमाणे ५० वर्षं पुरी झाल्याशिवाय गाडी ‘व्हिंटेज’ होत नाही, त्यामुळे कागदोपत्री ही अजून तरुण आहे.

ही गाडी माझी. दोन वर्षांत दोनदा नवे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे अर्धगोल तुकडे, घातले, फरक शून्य. डिस्क बसवून घे, असं निम्म्या गावाने सांगून झालंय. मला ते पटत नाही. आणि मिस्त्रींना तर त्याहून नाही.

[चाक उतरवलेलं. मिस्त्री ओल्या फडक्याने शू बसवलेली प्लेट पुसतायत.]

काळी भुकटी उडवायला इथे हवा मारत नाहीत. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या पट्टीत, ॲस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं. म्हणून ओला फडका.

आता प्लेट जवळून बघा. साध्या ड्रममध्ये शूंना बाहेर रेटणारा कॅम एकच असतो. त्यातला एक शू चाकाच्या फिरण्याबरोबर ड्रममध्ये ओढला जातो आणि आपोआप जास्त घट्ट धरतो, दुसऱ्याला तेच फिरणं मागे रेटतं. इथे कॅम दोन आहेत, त्यामुळे दोन्ही शू ओढले जातात. बाहेरच्या बाजूला दोन लिव्हर आणि त्यांना जोडणारा हा बारीक रॉड. केबल ओढते एकाच लिव्हरला. दुसऱ्यापर्यंत निरोप पोचवतो तो रॉड.

माझ्या गाडीत तो निरोप उशिरा पोचत होता.

[खडूचा तुकडा. लायनरवर पांढरे पट्टे.]

मिस्त्री दोन्ही लायनरवर खडू फिरवतात, प्लेट ड्रममध्ये ठेवतात, ब्रेक हलकासा दाबून चाक दोन-तीनदा फिरवतात आणि पुन्हा उघडतात. एका शूवरचा खडू साफ पुसलेला. दुसऱ्यावर जसाच्या तसा.

“दोन वर्षं एकाच शूवर फिरताय, दादा. लायनरचा काय दोष?”

जुने शू निघाले. कॅम बाहेर काढून पॉलिश पेपरने चकचकीत केले. ग्रीस लावलं ते बोटाला जेमतेम लागेल एवढंच. जास्त झालं तर तापून लायनरवर उतरतं, आणि मग तो शू फेकायचाच. नवे शू स्प्रिंगांसकट हातात घेऊन मधे दुमडले, टोकं जागेवर टेकवली आणि तळहाताने दाबले. खट्! नव्या लायनरची पुढची कड कानशीने किंचित मारली, नाहीतर ब्रेक चावतो.

मग रॉड. लॉकनट सैल केला. पहिला लिव्हर शू ड्रमला टेकेपर्यंत दाबून धरला, दुसराही तसाच टेकवला, आणि रॉडची लांबी त्या दोघांच्या मधे बरोबर बसेल एवढी केली. अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे. पुन्हा खडू, पुन्हा उघडणं. असं चार वेळा झालं. चौथ्यांदा दोन्हीकडचा खडू सारखा पुसला गेला होता, आणि मिस्त्रींनी चहा मागवला.

[चाक फोर्कमध्ये परत.]

प्लेटची खाच फोर्कच्या नळीवरच्या उंचवट्यावर बसलीय का, हे ते बोट घालून बघतात. ती न बसता ब्रेक दाबला तर प्लेटच चाकाबरोबर फिरेल. नुसत्या नजरेवर हे काम सोडायचं नाही.

एक्सलचा नट अजून सैल आहे. “दाबून धरा,” ते म्हणतात. मी पुढचा ब्रेक गच्च धरतो. आतले शू प्लेटला ड्रमच्या मध्यावर खेचतात आणि तशाच अवस्थेत नट आवळला जातो. गेल्या दोन्ही वेळी ब्रेक धरून नट आवळलेला मला आठवत नाही.

[यवतेश्वरचा घाट, दुपार.]

पहिले काही किलोमीटर ब्रेक नीट धरत नाही, लायनर ड्रमला घासून बसायला वेळ लागतो. मग वळणाआधी दोन बोटांनी लिव्हर ओढतो आणि फोर्क खाली बसतो. या गाडीवर असं कधी झालेलं मला माहीत नाही.

चढावर एका टेम्पोमागे थांबलो, नुसता पुढचा ब्रेक धरून. गाडी हळूच मागे सरकायला लागली. चाक उलटं फिरलं की ओढले जाणारे दोन्ही शू मागे रेटले जातात, आणि पकड जाते.

मागच्या सीटवरून मिस्त्री ओरडतात, “पाय, दादा, पाय!”

मी मागचा ब्रेक दाबतो.