पाण्याचा दिवस, कोरडा दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

गावाकडचा दुष्काळ लांबून दिसतो. रानाला भेगा पडतात, विहिरीचा तळ उघडा पडतो, जनावरं चारा छावणीच्या वाटेला लागतात. पुण्यातला दुष्काळ असा नजरेस पडत नाही. एप्रिलच्या भर उन्हातही लक्ष्मी रस्त्यावर गर्दी असते, रसवंतीचे घुंगरू वाजत असतात, गुलमोहर लालभडक फुललेला असतो. बाहेरगावच्या माणसाला सांगूनही पटत नाही की इथं पाण्याची ओढ आहे. ही ओढ घराच्या आत असते, मोरीत असते. नळ किती वाजता येतो, त्या वेळी घरात कोण असतं आणि आलेलं पाणी भरून ठेवायला घरात काय आहे, हे कळल्याशिवाय शहरातला दुष्काळ कळत नाही. मला हे उमगलं ते एका टेबलामुळे.

मी पुण्यात पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात लिपिक होते. तक्रारींचा फोन माझ्या टेबलावर आणि शेजारी जाडजूड नोंदवही. २०१५ चा पावसाळा हात आखडून गेला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही आपली चार धरणं. चारही काठोकाठ भरली तर साधारण २९ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे जवळजवळ २,८३२ कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो, पण याच पाण्यावर आपलं शहरही आहे आणि कालव्याखालची हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही आहे. त्या वर्षी धरणं भरलीच नाहीत. सप्टेंबरात, म्हणजे पावसाळा पुरता सरलेलाही नसताना, पुण्यात दिवसाआड पाणी सुरू झालं. उन्हाळा अजून पुढेच होता.

तेव्हापासून आमच्या बोलण्यातून वार गेले. सोमवार-मंगळवार कोणी म्हणेना. आज पाण्याचा दिवस आहे की कोरडा दिवस, एवढंच. कार्यालयात एखादी सहकारी उशिरा आली, केस अजून ओले, पदराचं टोक भिजलेलं, तर कोणी कारण विचारत नसे. तिच्याकडे पाण्याचा दिवस होता, हे सगळ्यांना दिसत असे. बायकांनी आपापसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. जिच्याकडे पाणी असेल तिचं सकाळचं काम दुसरीनं बघायचं. पुरुष सहकाऱ्यांपैकी फार थोड्यांवर ही वेळ आली, कारण त्यांच्या घरी नळाखाली उभं राहणारं माणूस वेगळं होतं. हे मी कुणावर ठपका ठेवायला सांगत नाही. त्या वर्षी मी रोज समोर पाहत होते, ते सांगते आहे.

लोकांना वाटतं, पाणी कुठेतरी बटण दाबून सोडतात. तसं नाही. धरणातून पाणी पर्वतीच्या जलकेंद्रात येतं, तिथं शुद्ध होतं, मोठ्या टाक्यांत जातं, आणि त्यापुढे गल्लोगल्ली ते माणसाच्या हातानं वाटलं जातं. चावीवाला येतो, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलतो, खड्ड्यात लांब चावी घालतो आणि ठरलेले आटे फिरवतो. आमच्या भागात निवृत्तीला आलेले एक चावीवाले होते. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. कुठल्या गल्लीला किती आटे, हे त्यांच्या मनगटात होतं. ते सांगायचे, "मॅडम, वरच्या आळीला अर्धा आटा जादा दिला, तर खालच्या टोकाची माऊली रिकामा हंडा घेऊन बसते. हात जपून चालवावा लागतो." रात्री दोन-तीनला, कुत्री अंगावर येत असताना, हा माणूस बॅटरी तोंडात धरून चावी फिरवायचा. उन्हाळा तापला तशी लोकांनी त्यांची वाट अडवायला सुरुवात केली. कोणी चहाला थांबवायचं, कोणी अंगावर धावून जायचं. दोन्हींत मागणी एकच, अर्धा आटा. त्यांनी तो कुणाला दिला नाही. शहर ज्यांच्या भरवशावर तो उन्हाळा तरलं, त्या लोकांत मी या चावीवाल्यांना पहिलं धरते.

आता थोडं हिशेबाचं बोलते, कारण हे फोनवर सांगून सांगून माझा घसा बसायचा. पाणी एक दिवसाआड केलं की निम्मं वाचतं, असं कागदावर दिसतं. नळात तसं होत नाही. कोरड्या दिवशी पाइप रिकामा होतो आणि त्यात हवा भरते. दुसऱ्या दिवशी चावी उघडली की आधी ती हवा बाहेर पडते, नळ फुसफुसतो, मग गढूळ पाणी येतं. ते लोक सोडून देतात. जिथं पाइपला बारीक गळती असते, तिथं आतला दाब गेल्यावर बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून कोरड्या दिवसानंतर दूषित पाण्याचे फोन वाढत. कोणी नळालाच मोटर लावून पाणी ओढत, आणि मग पलीकडच्या घराचा नळ नुसता थेंब थेंब गळत राही.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, ती म्हणजे शिळं पाणी. आपल्याकडे पाणी आलं की आधी कालचं ओतून द्यायचं, हंडा-कळशी घासायची आणि ताजं भरायचं. ही सवय आपल्या आईची, आजीची, फार जुनी. रोज पाणी येत होतं तोवर ठीक होतं. पण दिवसाआडच्या त्या वर्षात पिंपंच्या पिंपं मोरीत ओतली गेली. मी प्रत्येकीला सांगत असे, की झाकून ठेवलेलं पाणी दोन दिवसांत वाया जात नाही, तुरटी फिरवा, पिण्यापुरतं उकळा. एक आजी म्हणाल्या, "देवाला शिळं पाणी कसं चालेल?" मी म्हटलं, "आजी, देवापुरता तांब्या ताजा भरा, बाकीचं पिंप राहू द्या." त्यांनी ते मानलं. पुढे त्यांनी आपल्या वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना हेच सांगितलं, असं त्यांच्या सुनेनं मला फोन करून कळवलं.

मग मे महिना आला. २०१६ चा तो उन्हाळा महाराष्ट्राला चांगलाच ठाऊक आहे. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, त्या गाडीला जलदूत म्हणत. मैदानांच्या पाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यातले आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवावे लागले. त्याच मे महिन्यात खडकवासल्याच्या कालव्यातून दौंड आणि इंदापूरला पिण्यासाठी पाणी सोडायचं ठरलं, आणि शहरात विरोध उठला. मुठा उजवा कालवा दांडेकर पूल, स्वारगेट, हडपसर असा भर वस्तीतून जातो. कोरड्या नळाच्या घरातून बाहेर पडावं आणि समोर भरून चाललेला कालवा दिसावा, हे पाहून माणसाचा जीव तुटणारच. फोनवर लोक विचारायचे, "आमच्या दारावरून पाणी वाहून चाललंय आणि आम्हाला दिवसाआड?"

आमचा शिपाई इंदापूर तालुक्यातला. तो टेबलाजवळ उभा राहून हे सगळं ऐकत असे. एका संध्याकाळी फोन थांबल्यावर म्हणाला, "मॅडम, माझी आई तिकडे टँकरच्या रांगेत बसती. टँकर कवा येईल सांगता येत नाही, म्हणून भाकरीसुद्धा रांगेतच खाती. ती बी माणूसच हाय ना?" मी काय उत्तर देणार? मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही ठाम वाटतं, की ते पाणी सोडणं योग्यच होतं. धरणं पुण्याजवळ आहेत म्हणून ती पुण्याची होत नाहीत. पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली ज्यांची घरं, शेतं गेली, ते लोक कुठं गेले, हे आपण कधी विचारलं? आणि आपण वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि भीमेतून उजनीला जातं. इंदापूरच्या काठाला आपलं सांडपाणी वर्षभर पोचतं. उन्हाळ्यात पिण्याचं चार घोट चांगलं पाणी तिकडे गेलं, तर ते द्यायलाच हवं होतं.

या सगळ्यात माझ्या मनात सर्वांत खोल रुतलं ते एका बाईंचं बोलणं. त्या फोन न करता थेट कार्यालयात आल्या. राहायला पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीत. पेठेत दोन-तीन घरी धुणंभांडी करायच्या. पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं सकाळी सातला पाणी येतं. मी ज्या घरी कामाला जाते, तिथंबी सातलाच येतं. तिथली पिंपं मी भरते. माझ्या घरचा नळ येतो आन् जातो, भरायला कोण नाही. पोरीची शाळा बुडवू का?" पाणी येत नाही, अशी त्यांची तक्रार नव्हतीच. पाणी येत होतं. आमच्या वहीत अशी तक्रार लिहायला रकानाच नव्हता. रकाने होते ते पाणी नाही, कमी दाब, दूषित पाणी आणि गळती, एवढेच.

मी ते साहेबांपुढे नेलं. वेळ बदलणं सोपं नसतं, एका लाइनची वेळ हलली की तिच्याखालच्या सगळ्यांची हलते. साहेब, मी आणि भाऊ, तिघं नकाशा पसरून बसलो. भाऊंनी कुठली चावी कधी बंद ठेवली तर संध्याकाळी तिकडे पाणी चढेल, ते बोटानं दाखवलं. त्या लाइनची वेळ संध्याकाळवर आली. त्या भागातले फोन बघता बघता कमी झाले. पाणी एक थेंबही वाढवलं नव्हतं.

यावरून मला माझा मामा आठवत राहिला. १९७२ च्या दुष्काळात मी शाळकरी होते. आमच्या नाना पेठेतल्या बिऱ्हाडात तेव्हा रेशनवर लाल मिलो यायची, परदेशातून आलेली ज्वारी. तिची भाकरी थापताना आई कंटाळून जायची, कडा फुटायच्या. पाहुणा आला की मात्र घरात साठवलेली चार मुठी शाळू बाहेर निघायची. मामा शिरूरकडे दुष्काळी कामावर हजेरी कारकून होता. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं अशी कामं राज्यभर निघाली होती आणि मे १९७३ मध्ये त्यांवर जवळपास ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्याच काळात राज्यभर उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. मामा पुण्याला आला की कामावरच्या गोष्टी सांगायचा. लेकरांना झाडाला झोळीत बांधून आया खडी फोडतात, दुपारी सुकडी वाटतात, पगाराला उशीर झाला की बायांचे चेहरे बघवत नाहीत. त्याच्या मस्टरवर नाव, दिवस आणि सही-अंगठा एवढंच असायचं. तो मात्र समासात बारीक अक्षरात लिहून ठेवायचा, कोण बाई किती लांबून चालत येते, कुणाच्या अंगावर पितं मूल आहे. लांबून येणारीला तो जवळचा खड्डा नेमून द्यायचा. माझ्या आईनं विचारलं, "हे कुणी सांगितलं तुला लिहायला?" तो म्हणाला, "सांगितलं नाही कुणी. पण लिहिलं नाही तर मला दिसणार कसं?"

म्हणून मी नोंदवहीत पट्टीनं एक रेघ मारली आणि नवा रकाना पाडला. प्रत्येक फोनला विचारू लागले, "घरात पाणी भरायला काय आहे?" कोणी सांगायचं, खाली हौद आहे, वर गच्चीवर टाकी आहे. कोणी म्हणायचं, एक पिंप आणि दोन बादल्या. कोणी म्हणायचं, हंडा-कळशी. ज्याच्याकडे टाकी आहे त्याचं पाणी कधीही आलं तरी चालतं, तो झोपलेला असला तरी ते भरून राहतं. हंडा-कळशीवाल्याचं पाणी माणूस जागं आणि घरी असेल तेव्हाच यावं लागतं. दोघांच्या तक्रारीचा मजकूर मात्र वहीत सारखाच असतो, "पाणी आले नाही."

हा रकाना साहेबांनी पाहिला. काही बोलले नाहीत, पण टँकर वाटपाची यादी करताना माझी वही मागून घेऊ लागले. दहा हजार लिटरचा टँकर आधी सोसायटीच्या हौदात जायचा, कारण तिथं नळी सोडली की काम पटकन होतं. वस्तीत तो रिकामा करायला वेळ लागतो, रांग लागते, भांडण होतं. तरी त्या उन्हाळ्यात आमच्या भागात पिंपवाल्या, हंडेवाल्या वस्त्यांना आधी टँकर गेला. हौद असलेल्या सोसायट्यांचे रागाचे फोन मी घेतले. बऱ्याच जणांना कारण सांगितल्यावर पटलं. एक गृहस्थ तर म्हणाले, "हे आधीच सांगायचं होतं, आमचा आजचा टँकर तिकडेच पाठवा."

जुलैच्या पावसात धरणं भरू लागली. पुढे पाणी रोज येऊ लागलं आणि बायकांचे केस कार्यालयात यायच्या आत वाळू लागले. नव्या वर्षाच्या नोंदवह्या छापून आल्या. त्यात माझा रकाना नव्हता. मी पट्टी घेतली आणि पहिल्या पानापासून रेघ मारायला लागले. निवृत्त होईपर्यंत प्रत्येक नव्या वहीत मारत राहिले. माझ्या जागी आलेल्या मुलीला टेबल सोपवताना मी पट्टी तिच्या हातात दिली आणि त्या बाईंची गोष्ट सांगितली. परवा तिचा फोन आला होता. आता नोंद संगणकावर होते, रेघ मारायला जागा नाही, पण शेरा लिहायच्या चौकटीत ती अजून "हंडा" किंवा "टाकी" असं लिहिते.

नमस्कार.