तयार घ्यावे की करून घ्यावे?

(कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील फौंड्री, म्हणजे धातू ओतकामाच्या, उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उद्योजक मित्रांनो, कारखान्यासाठी सॉफ्टवेअर तयार घ्यावे की करून घ्यावे, असे मला कोणी विचारले की मी आधी विचारतो, कोणत्या कामासाठी? कारखाना एक असला तरी त्यातील सगळी कामे एका जातीची नसतात, आणि सगळ्यांना एकच उत्तर लावायला गेले की पैसे जातात.

हिशेबापासून सुरुवात करू. मी ज्या फौंड्रीत हिशेब सांभाळत होतो, तेथे बिले, स्टॉक आणि पगार हे सारे एका ओळखीच्या मुलाने फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहून दिलेल्या प्रोग्रॅमवर चाले, आणि वर्षानुवर्षे उत्तम चाले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. एक्साइज आणि व्हॅट या जुन्या करांचे रकाने एका रात्रीत निरुपयोगी झाले, आणि तो मुलगा तोवर परदेशी स्थायिक झाला होता. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमची मूळ लिखित प्रत, कपाटातल्या सीडीवर होता. पण चार प्रतींपैकी शेवटची कोणती, हे सांगणारे कोणी उरले नव्हते. जुलैची बिले आम्ही एक्सेलमध्ये केली आणि चुकलेल्या एचएसएन कोडमुळे (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकामुळे) त्यांतील कितीतरी गिऱ्हाइकांकडून परत आली.

त्यानंतरही कायदा स्वस्थ बसलेला नाही. ई-इन्व्हॉइस, म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे, ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीसाठी सुरू झाले आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ते ५ कोटींपर्यंत खाली उतरले, म्हणजे या सभागृहातील बहुतेकांच्या दारात आले. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. सॉफ्टवेअर घरी केलेले असले तरी त्यातून सुटका नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दरच बदलले. अशा प्रत्येक बदलासाठी स्वतःचा प्रोग्रॅमर धावता ठेवण्यात काहीच अर्थ नाही, कारण हे ओझे हजारो कारखान्यांचे सारखेच आहे आणि ते वाटून घेता येते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची मूळ कथा येथे आठवावी. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याच्या हिशेबासाठी मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलाला, भरत गोयंका यांना, ते लिहायला सांगितले, आणि १९८६ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. बाजारात नव्हते म्हणून त्यांनी करून घेतले. आज बाजारात असताना तेच पुन्हा लिहवून घेणे ही निव्वळ हौस आहे.

आता भट्टीजवळ या. एका हीटमधून, म्हणजे भट्टीच्या एका वितळणीतून, लॅडल (ओतण्याचे भांडे) भरभरून चार-पाच पॅटर्नचे साचे ओतले जातात. कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, गिऱ्हाइकाकडे जाते, तेथे बोअर घेताना (भोक कातताना) आतील ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, उघडी पडते, आणि तीन-चार आठवड्यांनी तक्रार येते. मग कास्टिंगवरचा हीट नंबर वाचायचा, त्या हीटची स्पेक्ट्रोची (धातूच्या रासायनिक तपासणीची) नोंद, वाळूतील ओल, ओतण्याचे तापमान आणि मोल्डिंगची पाळी शोधायची, आणि त्याच हीटचे उरलेले नग फेटलिंगला (साफसफाईला) आहेत, बाहेर मशीनिंगला आहेत की गाडीत चढले आहेत, हे संध्याकाळच्या आत सांगायचे. हे जो सांगू शकतो त्याची पुढची ऑर्डर टिकते. सर्वसाधारण ईआरपी, म्हणजे सगळा कारखाना एकत्र सांभाळणारे सॉफ्टवेअर, मात्र जोडणीचा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असते: चार बोल्ट, एक प्लेट, झाला एक नग. आपले गणित नेमके उलटे आहे. एका भट्टीतून अनेक वस्तू निघतात, रनर-रायझर (साच्यातील वाटांत गोठलेला जादा धातू) पुन्हा कच्चा माल होऊन भट्टीत जातात, वितळलेल्या धातूचे वजन आणि विकलेल्या कास्टिंगचे वजन यांत मोठी तफावत असते, आणि मोजणी कधी किलोत तर कधी नगांत होते. फौंड्रीसाठीच लिहिलेली तयार सॉफ्टवेअरे मिळतात, ती आधी जरूर पाहावीत. पण एवढा भाग, आणि एवढाच, करून घ्यावासा वाटला तर मी विरोध करणार नाही. तो करून बिलिंगला जोडावा. बिलिंग नव्याने लिहू नये.

सर्वांत धोक्याची वाट तिसरी आहे. तयार घ्यायचे आणि मग आपल्या सवयींप्रमाणे वाकवत बसायचे. लिडल या जर्मन किराणा साखळीने २०११ मध्ये सॅप या तयार ईआरपीवर जाण्याचे काम हाती घेतले. साठ्याचे मूल्य खरेदीच्या दराने धरण्याची त्यांची जुनी रीत होती, तर त्या प्रणालीत ते विक्रीच्या दराने धरले जाई. रीत सोडायची नाही म्हणून प्रणालीत बदलांवर बदल होत गेले, आणि २०१८ मध्ये प्रकल्प गुंडाळला तेव्हा सुमारे ५० कोटी युरो खर्ची पडल्याचे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे आकडे लहान, पण दुखणे तेच. एका कारखान्यात चलनांना तीन वेगळ्या क्रममालिका हव्यात असा मालकांचा आग्रह होता. खोदून विचारल्यावर कळले, की वडिलांच्या काळी तीन शेडमध्ये तीन चलनबुके असत. शेड केव्हाच एक झाल्या होत्या. त्या सवयीसाठी प्रोग्रॅमरचे दोन महिने गेले असते.

करून घेणाऱ्यांनी कोटेशनच्या आकड्यावर भाळू नये. दुरुस्ती, बॅकअप, नवा माणूस तयार करणे, हे पुढील पाच-सात वर्षांचे खर्च त्यात नसतात. सोर्स कोड आणि डेटा आपल्या ताब्यात राहील, हे करारात लिहून घ्यावे. तयार घेणाऱ्यांनीही सोडून जाताना डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल हे पहिल्याच बैठकीत विचारावे. आपण यायच्या आधीच जायचे बोलतो म्हणून विक्रेत्याला राग आला तरी हरकत नाही.

आणि डेमोला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. गेल्या महिन्यातील आपली सर्वांत किचकट दहा चलने बरोबर न्या. त्यांत अर्धवट परत आलेले जॉबवर्क (बाहेर कामासाठी पाठवलेला माल) असू द्या, कारण जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे तो माल वर्षाच्या आत परत यावा लागतो आणि आयटीसी-०४ या विवरणपत्रात दाखवावा लागतो. रिजेक्ट होऊन पुन्हा भट्टीत गेलेला माल असू द्या. विक्रेत्याच्या माणसाला ती आपल्यासमोर भरायला सांगा, आणि तो कोणत्या चलनापाशी थांबून ऑफिसला फोन लावतो, ते टिपून ठेवा.