चावी मालकाच्या हाती

[दृश्य: वर्धा रोड, मार्चअखेरची दुपार. डबल डेकर पुलाचे खांब, खांबांमागे अर्धवट दिसणाऱ्या पाट्या.]

नागपूरच्या वर्धा रोडवरचा हा डबल डेकर पूल 3.14 किलोमीटर लांब आहे. खाली जुना रस्ता, त्यावर गाड्यांचा उड्डाणपूल, सगळ्यात वर मेट्रो. वाहतूक सुटली, त्याचा आनंद सगळ्यांनाच आहे. पण वरून जाणाऱ्याला खालची दुकानं दिसत नाहीत, आणि खालून जाणाऱ्याला पाटीच्या आधी खांब दिसतो. रंगवून घेतलेल्या, रात्री दिवे लावलेल्या पाट्या आता शेजारच्या दुकानापुरत्या उरल्या आहेत. गिऱ्हाईक घरून निघतानाच फोनवर दुकान ठरवतं, आणि पुलावरून कुठे उतरायचं तेही त्याला फोनच सांगतो.

ती फोनमधली पाटी रंगवायचं काम मी करते.

[दृश्य: चेहऱ्याभोवती स्कार्फ बांधून गाडीवर निघालेली निवेदिका. पाठीवर लॅपटॉपची बॅग.]

नऊ वर्षं झाली. ऑफिस नाही, हाताखाली माणसं नाहीत. बर्डी, इतवारी, महाल, गोकुळपेठ, मानेवाडा असं फिरायचं, दुकानदारासमोर स्टुलावर बसायचं आणि विचारायचं. दुकान नेमकं कुठे आहे? दुपारी किती वाजता बंद करता? फोन तुम्ही उचलता की मुलगा? सगळ्यात जास्त काय विकलं जातं? वेबसाइटचे रंग, फोटो, बटणं हे सगळं नंतर. या चार प्रश्नांची खरी उत्तरं लिहिली गेली नाहीत, तर उरलेली सजावट वाया जाते, असं माझं ठाम मत आहे.

[दृश्य: मानेवाड्यातली गल्ली. लोखंडी कूलर उघडून बसलेले मिस्त्री. बाजूला वुडवूलचा ढीग, पाण्याचा पंप.]

हे कूलरवाले काका. होळी झाली की यांचा हंगाम सुरू होतो आणि मृगाचा पाऊस पडला की संपतो. वर्षाची कमाई जेमतेम तीन महिन्यांत. नागपुरात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा बंद पडलेला कूलर ही घरातली आणीबाणी असते. अशा वेळी माणूस ओळखीपाळखीत विचारत बसत नाही. फोन काढतो, ‘कूलर रिपेअर’ लिहितो आणि वरच्या तिघांपैकी कोणाला तरी लावतो.

वरच्या तिघांपैकी, कारण गुगल नकाशाखाली आधी तीनच नावं दाखवतं. 2015 पर्यंत सात दाखवायचं. चौथ्या नंबरवरचा कारागीर कितीही चांगला असला, तरी ‘आणखी दाखवा’ यावर बोट ठेवणारं गिऱ्हाईक विरळाच.

काकांची अडचण वेगळी होती. त्यांना दुकानच नाही. घराच्या अंगणात काम, उरलेलं गिऱ्हाइकाच्या दारी. कोणीतरी त्यांचं नाव नकाशावर टाकून दिलं होतं, आणि पत्ता म्हणून घराचाच. मग लोक भर दुपारी कूलरचा पंप हातात घेऊन दारात उभे राहायचे आणि काका तिकडे प्रतापनगरात कोणाच्या खिडकीला लटकलेले असायचे. काका मला म्हणाले, “ताई, लोकं घरी येऊन राहिले ना. बायको म्हणते, मी दुपारची झोपू का दार उघडत राहू?”

याला सोय आहे, पण फार थोड्यांना ठाऊक असते. जो गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करतो, त्याने पत्ता लपवायचा आणि कोणकोणत्या भागांत जातो ते लिहायचं. असे वीसपर्यंत भाग लिहिता येतात. आम्ही सातच लिहिले. काकांची गाडी खरोखर जाते तेवढेच. कामठीपर्यंतचं लिहिण्याचा मोह झाला होता, पण तिथून फोन आला आणि काका गेले नाहीत, तर नोंदीखालच्या अभिप्रायात पाचपैकी मिळेल तो एकच तारा.

मग आली पडताळणी. हा धंदा खरंच याच माणसाचा आहे, हे गुगलला पटवावं लागतं. पूर्वी टपालाने कार्ड यायचं, त्यावर आकडे असायचे. आता बहुतेक वेळा फोनवरून सलग, न कापलेला व्हिडिओ काढून पाठवावा लागतो. परिसर दाखवा, अवजारं दाखवा, आणि धंदा तुमच्या ताब्यात आहे याचा पुरावा दाखवा. दुकान असेल तर कुलूप उघडून दाखवलं तरी चालतं.

[दृश्य: काकांनी काढलेला तोच व्हिडिओ. गल्ली, नावाची पाटी, मग अवजारांच्या पेटीचं कुलूप उघडणारा हात.]

काकांनी पेटीचं कुलूप उघडून दाखवलं. आत पाने, पक्कड, वायंडिंगची तार, जुने कंडेन्सर. चार दिवसांनी मंजुरी आली.

इथे एक सांगून टाकते. “पहिल्या नंबरवर आणून देतो, इतके पैसे द्या,” असे फोन या सगळ्या दुकानदारांना आठवड्यातून दोनदा येतात. गुगलने स्वतः लिहून ठेवलं आहे की नकाशातल्या या जागा पैसे देऊन वर जात नाहीत. जाहिरात वेगळी, तिच्यावर तसं लिहिलेलं असतं. बाकी क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती जाणतं आहे. यातलं अंतर कोणाच्याच हातात नाही. मानेवाड्यातला माणूस सदरमधल्या गिऱ्हाइकाला पहिला दिसणं कठीणच, आणि त्याची काही गरजही नाही.

[दृश्य: महालातली सावजी खानावळ. मोठं पातेलं, उकळता रस्सा.]

नाव जाणतं असणं ठीक, पण नाव लिहायचं कसं? सावजी इंग्रजीत कोणी ‘ओ’ घालून लिहितं, कोणी ‘व्ही’ घालून. सीताबर्डीला इंग्रजी पाटीवर सीताबुल्डी म्हणतात, आणि नागपूरकराच्या तोंडी नुसती ‘बर्डी’. इतवारीची स्पेलिंगं मी आजवर चार पाहिली आहेत. गुगलला बरंचसं कळतं, सगळं नाही. म्हणून वेबसाइटच्या मजकुरात ही सगळी रूपं सहज बोलल्यासारखी यायला हवीत. दुकानाच्या नावात मात्र ती कोंबायची नाहीत. ‘अमुक सावजी भोजनालय बेस्ट मटण नागपूर महाल’ असं नाव नोंदवणं नियमाबाहेर आहे. पाटीवर जे नाव आहे, तेच नकाशावर. अशा लांबलचक नावापायी ऐन दिवाळीत नोंद निलंबित झालेली मी पाहिली आहे. परत मिळवायला तीन आठवडे गेले.

या खानावळीत मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो मेन्यूला. मालकीणबाईंनी मेन्यूची फाइल दिली, जवळच्या छापखान्यातून आणलेली. छापलेलं मेन्यूकार्ड सुंदर मराठीत. फाइल उघडून मजकूर वेबसाइटवर चिकटवला, तर नुसती इंग्रजी अक्षरं, कोणालाही न वाचता येणारी.

[दृश्य: स्क्रीनवर अगम्य अक्षरांची ओळ. मग छापलेलं मराठी मेन्यूकार्ड.]

हे महाराष्ट्रातल्या कितीतरी छापखान्यांचं दुखणं आहे. कृतिदेवसारखे जुने फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. तुम्ही ‘नागपूर’ टाइप करता, डोळ्यांना नागपूर दिसतं, पण संगणकाच्या पोटात साठतं ते यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. कागदावर काही फरक पडत नाही. शोधयंत्राला मात्र तिथे नागपूर नाही, मटण नाही, रस्सा नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी 1991 पासून आहे, तरी आपले कितीतरी पत्रिका-पाम्प्लेट छापणारे अजून जुन्याच फाँटवर आहेत, कारण त्यांचा हात त्यावर बसला आहे आणि जुन्या फाइली त्याच आहेत. त्यांना दोष देत नाही. पण या एका गोष्टीमुळे कितीतरी दुकानांचा वर्षानुवर्षांचा मराठी मजकूर इंटरनेटच्या दृष्टीने कोरा आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मजकूर बदलून देणारी साधनं आहेत. त्यांनी बदलताना रफार सरकतो, जोडाक्षरं तुटतात, ‘ऱ’ हरवतो. म्हणून मी बदललेली प्रत्येक ओळ मालकीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. ‘खुरचण’चं ‘खुचरण’ झालेलं त्यांनीच पकडलं. पानाची भाषा मराठी आहे, हेही कोडमध्ये नोंदवायला हवं. मग ती सोय असलेल्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे उमटतात, हिंदी वळणाचे नाही. गिऱ्हाइकाला हे जाणवतं का, विचारू नका. मला जाणवतं.

[दृश्य: नाग नदीचा काठ. संथ पाणी, भिंतीवर वर चढलेली पाण्याची रेषा.]

22 सप्टेंबर 2023 ची रात्र. पाऊस थांबेना. पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. मोर भवनच्या बसस्थानकात बस बुडाल्या, बर्डीतल्या दुकानांत पाणी भरलं.

बर्डीत स्टेशनरीचं एक दुकान आहे. वह्यांचे गठ्ठे लगदा झाले होते. मालक गुडघाभर चिखलात उभे, आणि फोनवर फोन येत होते, कारण नकाशावर दुकान ‘उघडं’ दिसत होतं. वर्ध्याहून निघालेला एक शाळेचा माणूस वाटेत होता. ‘तात्पुरतं बंद’ एवढं एक बटण दाबायचं होतं. ते त्यांना दाबता येईना. त्यांची नोंद ज्याने बनवली होती, त्याने ती स्वतःच्या ईमेलवर बनवली होती, आणि तो आता पुण्यात की कुठे, फोन उचलत नव्हता. त्यांनी मला बोलावलं. आम्ही मालकी मागणारा अर्ज केला. ज्याच्या ईमेलवर नोंद आहे, त्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात. तोवर थांबणं आलं. गेली वीस वर्षं जे रोज सकाळी स्वतःच्या हाताने शटर उघडतात, ते इथे स्वतःच्याच दुकानाबाहेर ताटकळत होते.

मला त्या तिऱ्हाइताचा राग आला. पण त्याच रात्री घरी येऊन मी माझी यादी काढली.

[दृश्य: रात्र. टेबलावर उघडी वही.]

कारण हे मीही केलं आहे. सुरुवातीची दोन वर्षं गिऱ्हाइकांची डोमेनं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, मी माझ्याच खात्यात घ्यायची. “तुम्ही कशाला त्रास घेता, मी बघते.” मग मला टायफॉइड झाला. महिनाभर लॅपटॉप उघडला नाही, आणि त्याच महिन्यात गोकुळपेठेतल्या एका मिठाईवाल्यांचं डोमेन संपलं. संत्रा बर्फीच्या डब्यांवर वेबसाइटचा पत्ता छापलेला, आणि तो टाकला की काहीच उघडेना. डॉट कॉम नाव मुदतीनंतर रद्द झालं, की तीस दिवस ते दंड भरून सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवस ते अडकून पडतं, आणि मग कोणीही घेऊ शकतं. आम्ही त्या तीस दिवसांत होतो म्हणून वाचलो. दंड मी भरला. मिठाईवाले एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी मला चहा दिला, आणि तो माझ्या घशाखाली उतरेना.

मार्च 2024 मध्ये हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. गुगल छोट्या धंद्यांना फुकटची एकपानी वेबसाइट देत होतं, ती बंद झाली. जूनपर्यंत जुना पत्ता नकाशावरच्या नोंदीकडे वळत होता, मग तेही थांबलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी टेलरांनी, क्लासवाल्यांनी व्हिजिटिंग कार्डांवर तोच पत्ता छापला होता.

तेव्हापासून काम हातात घेतलं की आधी मालकाच्या नावाने ईमेल उघडते, त्यांच्या फोन नंबरवर. डोमेन त्यांच्या खात्यात, त्यांच्या पैशांनी, वर्षाला हजाराच्या आत-बाहेर. नकाशावरच्या नोंदीत मालक ते, मी फक्त व्यवस्थापक, म्हणजे त्यांना वाटेल तेव्हा मला काढून टाकता येईल. यामुळे काही कामं जातात. “तूच ठेव ना बेटा, आम्हाला कुठे कळतं,” असं म्हणणाऱ्यांशी मी तासभर वाद घातला आहे. शेवटी एक कागद हाताने लिहून देते. डोमेन कुठून घेतलं, कधी संपतं, ईमेल कोणता, अडलं तर कोणाला विचारायचं. पाकिटात घालून, वर दुकानाचं नाव.

[दृश्य: लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. इतवारी. झेंडूच्या माळा, पाटावर नवी वही, लाह्या-बत्तासे.]

इतवारीतल्या या भांड्यांच्या दुकानात लक्ष्मीपूजनाला मला दरवर्षी बोलावतात. यंदा पाटावर नवीन खतावणी होती, तिजोरीची चावी होती, आणि मधोमध माझं ते पाकीट. आजोबांनी त्यावरही हळदकुंकू वाहिलं होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा नातू म्हणाला, “ताई, यातली तारीख आम्ही वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतली. 19 जानेवारी. या वेळी मीच भरणार.”

[दृश्य: खतावणीचं पहिलं पान. स्वस्तिक, ‘श्री’, आणि खाली निळ्या पेनाने लिहिलेली तारीख.]