शिसं आणि नळीच्या मधलं

[दृश्य: गॅरेजमधलं टेबल. विजेच्या भांड्यात वितळलेलं शिसं. वर करडी साय.]

निवेदन:

पळीनं साय बाजूला केली की खालचा रस आरशासारखा चमकतो. दोन-तीन सेकंदच, मग पुन्हा साय धरते.

अमेरिकेतलं मिसुरी राज्य. गॅरेजचे मालक आयुष्यभर गाड्या दुरुस्त करत होते. आता निवृत्त आहेत आणि आपल्या पिस्तुलाची काडतुसं घरी भरतात. त्यांच्या भांड्यात जेमतेम नऊ किलो शिसं मावतं. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, पण ओतायला रस त्याहून बराच तापलेला लागतो. साचा गार असेल तर गोळीवर म्हातारीच्या गालासारख्या सुरकुत्या पडतात. अशा पहिल्या दहा-बारा गोळ्या ते न बघताच परत भांड्यात टाकतात.

[दृश्य: साचा उघडतो. गोळ्या जाड टॉवेलवर पडतात.]

हा आवाज ऐका. धातू पडल्याचा खणखणाट नाही, नुसतं थप. गरम शिसं इतकं मऊ असतं की फरशीवर पडलं तर चेपतं, म्हणून खाली टॉवेल.

हा मऊपणाच गोळीचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठी अडचण. नळीच्या आत पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. त्यांत घट्ट बसून गोळी गिरकी घेत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. मऊ शिसं खाचांत छान बसतं, पण तेच शिसं नळीला घासून मागे राहतं. गोळी जरा बारीक असली तर कडेच्या फटीतून तापलेला वायू पुढे घुसतो आणि गोळीची कड जाळत, खरवडत नेतो. पन्नास-शंभर गोळ्यांनंतर नळीत डोकावलं तर खाचांमध्ये शिशाचे चकचकीत पापुद्रे दिसतात. नेम बिघडतो, आणि ते पापुद्रे काढताना मनगटं भरून येतात.

मग शिसं आणि नळी यांच्या मध्ये काय घालायचं? हा प्रश्न या पिस्तुलाहून जुना आहे, आणि आपल्या माणसांनी त्यापायी रक्त सांडलंय.

[दृश्य: ठासणीच्या बंदुकीचं रेखाचित्र.]

एन्फिल्डची १८५३ सालची रायफल तोंडाकडून भरायची, म्हणजे ठासणीचीच, पण नळीत पिळाच्या खाचा असलेली. कागदात गुंडाळलेली गोळी त्या नळीतून खाली सरकावी आणि आतली काजळी मऊ राहावी, म्हणून कागदाला चरबी आणि मेणाचं वंगण लावत. कवायतीप्रमाणे काडतूस दातांनी फाडायचं. चरबी कोणाची, हा प्रश्न जानेवारी १८५७ मध्ये दमदमच्या छावणीत उठला. गाय की डुक्कर? सरकारनं घाईघाईनं हुकूम काढला की शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. तोवर विश्वास उडाला होता. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मेरठ. पुढचं आपण शाळेत शिकलो. पण त्या कागदाला वंगण मुळात का लागत होतं, हे मला तरी शाळेत कोणी सांगितलं नाही. ते कळलं या गॅरेजमध्ये, ही मऊ गोळी हातात घेतल्यावर.

पिस्तुलाच्या ओतीव गोळीला नंतर मेणाचं वंगण आलं. गोळीच्या अंगावर गोल खाचा पाडायच्या आणि त्या मधमाशीच्या मेणानं भरायच्या. आयडाहोमधल्या एल्मर कीथ या गुराख्यानं १९२८च्या सुमारास रिव्हॉल्व्हरसाठी आखलेल्या गोळीचे साचे आजही विकत मिळतात, आणि तिच्या अंगावरही ही मेणाची खाच आहे. मेण काम चोख करतं. पण बोटं चिकट होतात, बंद जागेत धूर डोळ्यांत जातो, उन्हाळ्यात मेण वितळून डब्याच्या तळाशी साचतं.

[दृश्य: प्लास्टिकचा डबा, लाल पावडर. हात डबा गोल गोल हलवतोय.]

आता मेणाऐवजी काय लावतात, ते या डब्यात बघा. आत गोळ्या, चमचाभर पावडर आणि खेळण्यातल्या बंदुकीचे प्लास्टिकचे मणी. दोन मिनिटं हलवलं की घर्षणानं वीज साठते, केसांवर घासलेल्या फुग्यासारखी, आणि पावडर गोळीला सगळीकडून चिकटते. ही पावडर आपल्या ओळखीची आहे. सायकलच्या सांगाड्यावर, फ्रिजच्या दारावर, भोसरीच्या वर्कशॉपमधून येणाऱ्या खिडकीच्या ग्रिलवर हाच पावडर कोटिंगचा थर असतो. गोळ्या चिमट्यानं एकेक करून जाळीवर उभ्या ठेवायच्या, आणि २०० अंशांच्या छोट्या भट्टीत वीसेक मिनिटं भाजायच्या. त्या भट्टीत पुन्हा कधी पाव भाजायचा नाही.

बाहेर येते ती लालभडक, गुळगुळीत, हाताला कोरडी लागणारी गोळी. ऑस्ट्रेलियातून आलेला एक पातळ लेपही लोक वापरतात. तो दोन-तीन हातांत लावतात आणि प्रत्येक हातानंतर भाजतात.

लेप पक्का बसला का, हे कळायला गॅरेजचे मालक एक गोळी ऐरणीवर ठेवतात आणि हातोडीनं चपटी करतात.

[दृश्य: हातोडी. चपटी झालेली लाल चकती.]

गोळीची चकती झाली, पण रंग सुटला नाही. धातूबरोबर ताणला गेला. पापुद्रा उडाला असता तर सगळी खेप पुन्हा भट्टीत गेली असती.

लेप लावला म्हणजे सगळं भागलं, असं मात्र नाही. गोळी नळीपेक्षा बारीक असेल तर रंगाचा उपयोग शून्य. म्हणून त्यांनी आधी मऊ शिशाचा एक तुकडा आपल्या रिकाम्या नळीतून हलके ठोकत पार काढला आणि त्याचं माप घेतलं. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाला सहसा ०.३५५ इंच भरतात. गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश इंच जाड ठेवायची. केसाच्या जाडीहूनही कमी फरक, पण नळी स्वच्छ राहते की शिशानं माखते, हे तिथेच ठरतं.

शिशाचा कसही बघावा लागतो. निव्वळ शिसं फार मऊ, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी. हे मिश्रण मराठी वाचकाच्या पणजोबांच्या ओळखीचं आहे. छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, याच तीन धातूंचे. लायनोटाइप या अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या धातूत शंभरात ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी आणि ४ कथील असे. १८६९ साली मुंबईत निघालेल्या निर्णयसागर छापखान्यात ज्या खिळ्यांनी पोथ्या छापल्या, तेही याच जातीच्या धातूचे. अमेरिकेत छापखाने संगणकावर गेले तेव्हा टनावारी खिळे भंगारात निघाले, आणि कितीतरी अक्षरं वितळून गोळ्या झाली. मला ते ऐकून वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

[दृश्य: चाकाला लावायच्या शिशाच्या वजनांची बादली.]

त्यांचं शिसं येतं ते टायरवाल्याकडून. चाकाचा तोल साधायला लावलेली ही छोटी वजनं. हल्ली त्यांत जस्ताची निघतात. जस्ताला वितळायला ४१९ अंश लागतात. भांडं जास्त तापलं आणि जस्त रसात मिसळलं, तर रस लापशीसारखा होतो आणि सगळं भांडं वाया. म्हणून प्रत्येक वजन कटरनं दाबून बघायचं. शिसं चेपतं, जस्त दाद देत नाही.

याच राज्यात हर्क्युलेनियम नावाचं गाव आहे. तिथे १८०९ मध्ये शिशाचे छर्रे पाडणारा मनोरा उभा राहिला. खनिजापासून शिसं काढणारी देशातली शेवटची मोठी भट्टीही त्याच गावातली. ती २०१३ अखेर बंद झाली. आता अमेरिकेत तयार होणारं शिसं म्हणजे जुनंच शिसं, बहुतेक बॅटऱ्यांतलं.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं रिकामं कवच साफ करणं, प्रायमर म्हणजे ठिणगी देणारी टोपी, दारू, गोळी बसवणं हे पुढचं काम आम्ही भराभर दाखवतोय, मुद्दामच. दारूचं वजन छापील तक्त्यातून घ्यायचं असतं, व्हिडिओतून नाही. भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे ते काम खडकी, वरणगाव इथल्यासारख्या कारखान्यांचं.

[दृश्य: बेसिन. साबणाचे हात कोपरापर्यंत.]

शिसं रक्तात गेलं की सहज निघत नाही. गॅरेजमध्ये चहासुद्धा नाही. शर्ट घरच्या कपड्यांत धुवायचा नाही. दरवर्षी रक्ततपासणी. भांड्याजवळ पाणी तर अजिबात नाही. रसाच्या पृष्ठभागाखाली एक थेंब गेला तरी वाफ होऊन रस छतापर्यंत उडतो. वरच्या तुळईवर करड्या शिंतोड्यांची रांग आहे. वीस वर्षांपूर्वीची. त्यांनी ती पुसलेली नाही.

[दृश्य: नेमबाजीच्या मैदानामागचा मातीचा बांध. चाळणी.]

संध्याकाळी ते बांधाची माती चाळतात. चेपलेल्या लाल, हिरव्या गोळ्या बादलीत पडतात. उद्या त्या भांड्यात जातील. शिसं खाली वितळेल, जळका रंग वर तरंगेल आणि पळीनं काढून टाकला जाईल.