हेन्री हुक: जळत्या इस्पितळातला शिपाई

दक्षिण आफ्रिकेच्या नकाशात बफेलो नदी बघा. अलीकडे इंग्रजांची नाताळ वसाहत, पलीकडे झुलू राज्य. नदी पायी ओलांडता येईल अशा रोर्क्स ड्रिफ्ट नावाच्या उताराशी, एका स्वीडिश मिशनऱ्याच्या घरात ब्रिटिश फौजेनं इस्पितळ थाटलं होतं. २२ जानेवारी १८७९. दुपारी शिपाई हेन्री हुक आजाऱ्यांसाठी चहा उकळत असताना बातमी आली: जवळची इसांडलवानाची ब्रिटिश छावणी कापली गेली, झुलू इकडेच येताहेत.

हे युद्ध लादलं सर बार्टल फ्रियर यांनी. मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडणारे गव्हर्नर ते हेच! आफ्रिकेत त्यांनी झुलू राजा सेटश्वायोपुढे अशा अटी ठेवल्या, की कुठलाच राजा त्या मानणार नाही. मुदत संपताच फौज सरहद्द ओलांडून आत घुसली. चालून कोण गेलं होतं, हे ध्यानात असू द्या.

मक्याची पोती आणि बिस्किटांची खोकी रचून दीडशेच्या आसपास माणसं उभी राहिली. समोर तीन-चार हजार झुलू.

इस्पितळाच्या गवती छपरानं पेट घेतला. आतल्या खोल्यांमधून एकमेकींत जायला दारंच नव्हती. जॉन विल्यम्स कुदळीनं भिंत फोडायचा, भोकातून एकेका आजाऱ्याला पलीकडे ओढायचा. तोवर हुक संगीन रोखून वाट अडवायचा. एक भाला त्याच्या शिरस्त्राणावर बसला, डोकं फुटलं. शेवटी उरला कॉनली. पायानं जायबंदी, अंगानं जड. हुकनं त्याला भोकातून अक्षरशः खेचला. त्यात दुखरा पाय पुन्हा मोडला, पण जीव वाचला.

पहाटे झुलू मागे फिरले. ब्रिटिशांच्या बाजूचे १७ गेले. झुलूंची ३५१ प्रेतं पुरली. मागे राहिलेल्या जखमी झुलूंनाही मारलं गेलं; शौर्यकथांत हे सहसा येत नाही. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक, मात्र ११ जणांना दिलं गेलं. इसांडलवानाला तेराशेवर माणसं गमावलेल्या सरकारला या पदकांची गरजही होती.

हुकनं पुढं फौज सोडली आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरी धरली. आधी पुस्तकांवरची धूळ झटकायची, नंतर वाचकांच्या छत्र्या सांभाळायच्या. १९०५ मध्ये तो वारला. १९६४ च्या एका गाजलेल्या चित्रपटानं त्याला दारुडा, कामचुकार ठरवलं. खरा हुक दारूला शिवतही नसे. त्याच्या म्हाताऱ्या मुली खेळ अर्धवट टाकून उठून गेल्या, असं सांगतात.