सरकत्या जिन्याशेजारचं घर

(दृश्य: हाँगकाँग. चढणीवरून वर जाणारा सरकता जिना.)

या जिन्यावर उभं राहिलं की आजूबाजूच्या खिडक्या अगदी हाताशी येतात. १९९४ सालच्या 'चुंगकिंग एक्सप्रेस' या चित्रपटात एक मुलगी इथूनच वाकून एका पोलिसाच्या घरात डोकावते. ते घर म्हणजे सेट नव्हता. कॅमेरा चालवणाऱ्याचंच ते राहतं घर होतं. त्याचं नाव ख्रिस्टोफर डॉईल.

(दृश्य: समुद्र, मालवाहू जहाज.)

जन्म १९५२ चा, सिडनीजवळचा. वयाच्या विशीच्या आतच नॉर्वेच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि घर सुटलं. इस्रायलमध्ये गुरं राखली, भारतात विहिरींच्या कामावर राबला, थायलंडमध्ये चिनी औषधांची वैदूगिरी केली. हे सगळं त्यानेच सांगितलेलं. त्यात तिखटमीठ किती, ते त्यालाच ठाऊक!

पुढे चिनी शिकताना त्याला नाव मिळालं दू ख-फंग. म्हणजे वाऱ्यासारखा. चिनी भाषेतल्या सिनेमांत तो याच नावाने ओळखला जातो. सिनेमाच्या कुठल्याही शाळेत न गेलेल्या या माणसाला १९८३ मध्ये तैवानच्या एडवर्ड यांगने आपल्या पहिल्याच चित्रपटाचं छायालेखन दिलं.

(दृश्य: रात्रीचं शहर, निऑनचे दिवे, धावती गर्दी.)

पण डॉईलचं नाव जोडलं गेलं ते 'चुंगकिंग एक्सप्रेस'चा दिग्दर्शक वाँग कार-वाईशी. त्यातला तो कॉफीचा प्रसंग आठवा. पोलीस सावकाश घोट घेतोय, काउंटरवरून ती मुलगी त्याला न्याहाळतेय, आणि त्यांच्या पुढून माणसं रंगाच्या फराट्यांसारखी वाहून जातायत. युक्ती साधी आहे. कॅमेरा सेकंदाला नेहमीच्या २४ पेक्षा कमी फ्रेम टिपतो, म्हणून गर्दी पळते. नटांनी मात्र मुद्दाम संथ हलायचं. एकाच चौकटीत दोन वेगळे काळ! (याच सिनेमाच्या पहिल्या कथेचा बराचसा कॅमेरा अँड्र्यू लाऊचा, हेही सांगायला हवं.)

वाँगच्याच 'इन द मूड फॉर लव्ह'चं चित्रीकरण पंधरा महिने रेंगाळलं. डॉईल मध्येच बाहेर पडला, उरलेलं काम मार्क ली पिंग-बिनने केलं. अरुंद बोळ, दाराच्या फटी, पाठमोरी माणसं... यातली कुठली चौकट कोणाची, हे पडद्यावर ओळखू येत नाही. २००० साली कान महोत्सवातला तांत्रिक पुरस्कारही दोघांना, संकलक विल्यम चँगसोबत, मिळून गेला.

(दृश्य: ऑस्ट्रेलियातलं रखरखीत माळरान, लांबच लांब कुंपण.)

२००२ मध्ये डॉईलने टिपलेल्या चिनी 'हीरो'चे लाल, निळे, पांढरे रंग पडद्यावर आले. त्याच वर्षी आला 'रॅबिट-प्रूफ फेन्स'. हे चित्रीकरण त्याच्या मायदेशातलं. १९३१ साली सरकारने आईपासून तोडून नेलेल्या तीन आदिवासी मुली सशांसाठी घातलेल्या कुंपणाच्या आधाराने घराकडे चालत निघतात, त्याची ही गोष्ट. हाँगकाँगचा निऑन इथे औषधालाही नाही. आभाळ उन्हाने विटलेलं, आणि कॅमेरा अनेकदा त्या मुलींच्या उंचीवर उतरलेला. तिथून मोठी माणसं दिसतात ती खालून वर पाहताना, अवाढव्य.