नस दबलीय, पण दुखतंय त्याच्यामुळेच का?

कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत उतरते, कधी पार बोटांपर्यंत जाते, माणसाला धड बसवत नाही की झोपवत नाही. मग एमआरआय. रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलेली, दिसलं की घरात एकच चर्चा, गादी सरकलीय, ऑपरेशन करावं लागणार.

जरा थांबा. 1994 साली अमेरिकेत 98 जणांचा कंबरेचा एमआरआय काढला होता, आणि गंमत म्हणजे त्यातल्या कुणालाच कंबरदुखी नव्हती! तरी 52 टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे फोटोत फुगवटा आहे म्हणून कळ तिथूनच येतेय असं काही नाही.

ते ठरतं डॉक्टरांच्या तपासणीच्या टेबलावर. झोपवून पाय सरळ वर उचलला की कळ गुडघ्याखाली जाते का, पायाचा अंगठा वर ओढताना जोर कमी पडतो का, चवड्यावर चालता येतं का, बधिरपणा नक्की कुठल्या पट्ट्यात आहे. रिपोर्टमध्ये डावी नस दबलेली आणि दुखतोय उजवा पाय, असंही होतं, आणि पेशंटला हात न लावता नुसती फिल्म बघितली तर ते कळणार कसं?

शिवाय पायात कळ आली की सायटिकाच, म्हणजे कंबरेत नस दबूनच आलेली, असं नाही. खुबा झिजला असेल तर जांघेत दुखतं, मांडी घालून बसवत नाही. सिगारेट किंवा शुगरवाल्यांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की चालताना पोटऱ्या भरून येतात, नुसतं उभं राहिलं की थांबतं. नागीण तर पुरळ उठायच्या आधीच आग करते. यातलं काहीच मणक्याच्या ऑपरेशनने बरं होणार नाही.

आणि खरंच सायटिका असला तरी? नेदरलँड्समध्ये दीड ते तीन महिने जबर दुखणाऱ्या 283 पेशंटवर अभ्यास झाला, 2007 साली छापून आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांना आराम लवकर पडला हे खरं, पण वर्षाने ते आणि ऑपरेशन न करता थांबलेले, दोन्ही गट जवळपास सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी 39 टक्के लोकांना पुढे ऑपरेशन लागलं, बाकीच्यांचं त्याच्याशिवाय भागलं.

मात्र लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल लुळं पडायला लागलं, तर सेकंड ओपिनियन शोधत बसू नका, रात्र असेल तर रात्रीच मोठं हॉस्पिटल गाठा.